तीन बोटांची मूठ

आमी देऊळगाव राजाचे माळी, बाप माळी, आजा माळी, त्याच्या आधी कोन होते ते नका इचारू गुरुजी, तेही वांगेच लावत असतीन. वऱ्हाड नागपूरवाल्याईच्या मुलखाले जोडलं तवा मी रांगत होतो म्हने, मले काई कळलं नाई, अन् वांग्याले त त्याहून नाई. मळा गावाले लागूनच, हीर बारमाही पान्याची, बालाजीच्या जत्रंत आमच्या मळ्याच्या भाजीवर लोकं तुटून पडायचे. हे मी फुशारकी म्हून नाई सांगून राह्यलो, कोनालेही इचारा. मले किसन म्हनतेत, पन किसन माळी म्हनलं त कोनी वळखनार नाई, तीन बोट्या म्हना, लहान लेकरूही घर दाखवल.

आता हे पाहा, उजवा हात. करंगळी नाई, तिच्या बाजूची नाई. मोटेनं नेली. नाडा चाकावरून घसरला, मी बसवाले गेलो, अन् बैलाईनं घेतली वढ, नाडा अन् चाकाच्या मधात गेली बोटं. बैलाईचा काय दोष, त्याईले वाटलं मोट भरली. माय रडे, बाप रडे, आत्या त छाती बडवून घे, अन् मी पडल्या पडल्या म्हनलं, रडता काऊन, आंगठा हाये, दोन बोटं हायेत, बाकीचे दोन त नुसते जोडीले होते. जवानीची ऐट होती, बोलून गेलो. पन खरं सांगतो, पुढच्या हंगामात मी मोट हाकत होतो, इळा धरत होतो, खुरपं धरत होतो. पडली काई वस्तू त उचलायची, त्यात लाज कायची.

पन लगन जुळता जुळंना. पोरीवाले येत, वांगे पाहत, हीर पाहत, मंग हात पाहत अन् पानी पिऊन निंगून जात. शेवटी सुलतानपूरची पोरगी सांगून आली, रुखमा. बाप नाई, मामानं वाढवेल होती. मामा म्हंजे असा मानूस, काय सांगू तुमाले, दारात उभा राह्यला त घरात अंधार. त्यानं माहा हात आपल्या हातात घेतला, पलटून पाह्यला, जसं बाजारात बैलाचं खूर पाहतेत, अन् माह्या बापाले म्हने, पाव्हनं, पोरगं चांगलं हाये, मळा चांगला हाये, पन मी माह्या बहिनीचं रंडेपन पाह्यलं, तिच्या पोरीले मी अशा हातात नाई देनार जो काई धरू शकत नाई. मीच बोललो, मामा, काय धरून दाखवू? त म्हने, हळदीपासून अक्षता पडेलोक कट्यार धरून दाखव. तुह्या हातातून कट्यार पडली त मी पोरीले मांडवात आननार नाई.

आमच्या इकडं कसं हाये, नवरदेवाले हळद लागली का त्याच्या हातात कट्यार देतेत, टोकाले लिंबू खोचतेत, नजर लागू नये म्हून. मंग ती हातातून सुटली नाई पायजे, जेवतानीही डाव्या मांडीखाली दाबून ठेवा लागते. अन् पोरीले मांडवात आननार कोन, त मामा. मामानंच नाई आनलं त भटजीनं मंगलाष्टकं काय आंतरपाटाले म्हनायची? म्हून हे बोलनं काई हसन्यावारी न्याचं नव्हतं. अन् मले ती पोरगी पायजे होती गुरुजी. पानी द्याले आली तवा सगळे माह्या हाताकडं पाहत होते, ती येकटी माह्या तोंडाकडं पाहत होती. तवाच मी मनात म्हनलं, आता हेच घर.

गावात लग्नाची कट्यार येकच, देशमुखाईची, चांदीच्या मुठीची, ज्याच्या घरी लगन त्याच्या घरी जाते. बापानं मागून आनली. मी धरली, त ती हातात भोवऱ्यावानी फिरे. मूठ पाच बोटाईची, माह्या हाताचं खालचं अंग मोकळं, कट्यारीचं तोंड घडीत आभाळाकडं घडीत जमिनीकडं. आत्या पाहे अन् पदर डोयाले लावे. बाप म्हने, कापडानं बांधू हाताले. मी म्हनलं, बांधेल कट्यार धरली म्हंता येत नाई, मामा काई आंधळा नाई. मी माह्या हाताच्या मापाची कट्यार करून घेतो.

म्हून मी गेलो लोहार आळीत. रघुजी लोहार पातं करे, पन मुठी बसवनं त्याच्या बायकोकडं, सोनाई तिचं नाव. इळा, सुरी, कोयता, कोनाचंही असो, पातं नवऱ्याचं अन् मूठ तिची, अन् रघुजी मधात बोलला त म्हने तुमी आपला भाता पाहा. मी ऐटीत पितळाची मूठ घेऊन गेलतो, जालन्याहून मामेभावाकडून मागवेल, जालना तवा निजामाच्या राज्यात, नाक्यावरून आनलेली वस्तू म्हंजे कौतुक. म्हनलं, सोनाई, ही बसव, सोन्यावानी चमकली पायजे. ती म्हने, बस बापू. तिनं वाटीत तेल घेतलं, हळद कालवली, माह्या हाताले चोपडली, अन् म्हने, धर आता. धरली. तिनं दुसऱ्या टोकाले दोन बोटं लावली, वढली, अन् पितळ सटकन निंगून गेलं. म्हने, तुह्या हाताले हळद लागन का राख लागन? मले हा इचारच नव्हता आला. सगळे नवरदेवाच्या कट्यारीची चमक पाहतेत, हळदीत तेल असते हे त्याईच्या ध्यानातच राहत नाई.

मंग तिनं म्हशीच्या शिंगाची मूठ देली. ती धरली त काय सांगू, वल्ल्या हाताले चिकटून बसली, अजून वढलं तरी निंगंना. मी खुश. घरी येऊन सांगतलं त आत्या उभी राह्यली कमरेवर हात देऊन. म्हने, काय बे किसन्या, रेडा कोनाचं वाहन हाये? यमाचं. यमाचं वाहन हातात धरून तू बोहल्यावर चढतं का? मी म्हनलं, आत्या, शिंग म्हशीचं हाये. त म्हने, म्हैस काय त्याची सासू हाये का, घर त येकच. झालं, शिंग गेलं.

सागवान पाह्यलं. सोनाई म्हने, सागवान देखनं हाये पन त्याच्या आंगातच तेल हाये, त्यात आनखी तुहं तेल. धावडा पाह्यला. धावडा म्हंजे कुऱ्हाडीच्या दांड्याचं लाकूड, तुटन म्हनता तुटनार नाई, पन कट्यारीले जड, दिवसभर धरून मनगट उतरलं असतं. बाभूळ तिनं हातातच नाई घेतली. मी तठी बसलो अन् येकदम ध्यानात आलं, आमच्या हिरीजवळ जुनी लिंबोनी वाळली होती, तिचं खोड बापानं गोठ्याच्या माळ्यावर टाकून ठेवेल. मी म्हनलं, सोनाई, लिंबोनीचं चालन का? ती म्हने, कोनी आनलंच नाई आजलोक, घेऊन ये. आनलं. तिनं कापा काढला, नख मारून पाह्यलं, जिभेले लावून पाह्यलं, मंग म्हने, सावलीत वाळलं हाये, दाट हाये, तडकनार नाई. अन् आत्याले इचारलं त आत्या हरखली, म्हने, टोकालेही लिंबू अन् मुठीलेही लिंबू, नजर लागाले जागाच नाई राह्यली.

आता मी समजलो झालं. पन सोनाई म्हने, उद्या दिवसभर मोट हाक अन् दिवस बुडतानी ये. म्हनलं, काऊन? म्हने, तुहा ताजा हात मी पाह्यला, आता थकेल हात पाह्यचा हाये. नवरदेवाचा हात सकाळी कट्यार धरते, ती संध्याकाळी पडते. मी गेलो, हाताले गोळे आलेले. तिनं वल्ल्या मातीचा गोळा देला अन् म्हने, धर, जोर नको लावू, आपसूक जसं धरतं तसं धर. माह्या तीन बोटाईचा अन् मोकळ्या तळहाताचा ठसा उमटला मातीत. त्या ठशावरून तिनं लिंबोनी कोरली, दोन बोटाईले दोन खळग्या, आंगठ्याले येक, अन् जठी माही दोन बोटं नाई तठी लाकडाचा फुगवटा ठेवला, जसं बोटाईनं भरून काढावं तसं. पातं लाखेनं बसवलं अन् वरून आरपार खिळा मारला. रघुजी म्हने, खिळा कायले, लाख पुरते. ती म्हने, वैशाखाचं लगन हाये, बैलगाडीत उन्हात लाख पाघळन मंग मूठ याच्या हातात अन् पातं रस्त्यात. अन् मुठीवर कानशीचे ओरखडे तसेच ठेवले. मी म्हनलं, सोनाई, कुरूप दिसून राह्यली वं, घोट ना जराशी. म्हने, नवरी तुले पाहन का मुठीले?

हळद लागली. बायाईनं मले चोपडलं, कट्यारीले चोपडलं, हसून हसून चोपडलं, अन् ती माह्या हातात बसली ते बसली. गाडीनं सुलतानपूरच्या शिवेवर गेलो, ऊन असं का बैलाईच्या जिभा बाहेर. शिवेवर मामा उभा, फेटा बांधून, पोरीकडचे सगळे मांगं. भेट झाली. त्यानं मले छातीशी धरलं, खरं धरलं, हाडं वाजली माही, मंग नारळ देला, धोतरजोडा देला, पागोटं देलं, येकामांगं येक. दुसरा असता त कट्यार काखेत मारून दोन्ही हातानं घेतलं असतं. मी डाव्या हातानं घेऊन घेऊन बापाकडं देत गेलो. मामाच्या कपाळाले घाम, मले घाम. बापाचे व्हट हालून राह्यले होते, बालाजीचं नाव घेत असन. मले भेव नव्हतं असं म्हनतो मी सगळ्याईले, पन तुमाले सांगतो, होतं. कट्यारीचं नव्हतं, मामा काईतरी नवं काढन याचं होतं.

अन् काढलंच त्यानं. पुढं झाला, टोकाचं लिंबू मुठीत धरलं अन् देला हिसका. जोरात. माहा खांदा पुढं गेला, पाय पुढं गेला, पन मूठ नाई सुटली. लिंबू आलं त्याच्या हातात, फुटलं, रस कोपरालोक. तो पाहतच राह्यला. कोनाले समजंना शकुन म्हनावं का अपशकुन, अन् तितक्यात आमची आत्या गाडीतून वरडली, गेली गं बाई, पोराची सगळी दृष्ट मामाच्या हातात गेली! अशी हसली वरात, वाजंत्रीवाल्याईनं न इचारता वाजवनं सुरू केलं. मामाही हसला, पहिल्यांदा. फेट्याच्या शेवानं हात पुसला, अन् आपल्या हातानं दुसरं लिंबू आनून टोकाले खोचलं.

मांडवात त्यानंच आनली रुखमाले. आंतरपाटाच्या मांगं उभी केली अन् माह्या कानाशी वाकून म्हने, आंगानं हलकी हाये पोर, पन सुटू देऊ नको. बोलला अन् फेट्याच्या शेवानं डोये टिपले त्यानं. इतका मोठा मानूस, अन् मलेच रडू आलं गुरुजी, मंगलाष्टकं चालू अन् नवरदेव नाक पुसते.

आता ती गोष्ट जुनी झाली. मामा गेला, आत्या गेली, सोनाईही गेली. पोराच्या लग्नात पोरगं म्हने, बाबा, तुमचीच कट्यार पायजे. देली, त त्याच्या हातात बसंना, त्याची दोन बोटं ठेवाले जागाच नाई, फुगवट्यावर घसरे. पाच बोटाईच्या मानसाले ती कट्यार कामाची नाई. मंग त्याच्यासाठी नवीन केली, सागवानी मूठ, त्याले आवडते चमक.

माही कट्यार आपली मळ्यात असते, रुखमा तिच्यानं वांगे तोडते, कोहळं काढते, म्हने पातं दुसऱ्या कोनाचं असं चालत नाई. येक दिवस मी बांधावर बसून पाहत होतो, हिच्या हातात त मूठ बरोबर बसली होती. पाह्यलं त करंगळी अन् तिच्या बाजूचं बोट तळहातात मिटेल होतं. म्हनलं, काऊन वं, बोटं दुखून राह्यले का? मांगंही नाई पाह्यलं तिनं, म्हने, नाई, ही अशीच धरा लागते, मी लग्न झाल्यापासून अशीच धरते. इतके वर्स झाले गुरुजी, अन् मले पत्ता नाई. आता पाहतो त तांब्याही तसाच धरते, लाटनंही तसंच, सवयच पडली बाईले. देवानं माही दोन नेली, तिनं आपली दोन आपल्या मनानं मिटून घेतली. तुमाले बाप्पा, पाचही बोटाईचं सुख लाभो, पन कोनी असं मिटून घेनारं घरात भेटलं त त्याहून बरं. बसा, ती वांगे आनूनच राह्यली, आता पाहा तिचा हात.