उंटापुढचं प्यादं

डोळ्यांत औषध घालून शिंपीणबाई दवाखान्याच्या बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. शेजारी दोन्ही डोळ्यांना पट्टी बांधलेले गृहस्थ आणि त्यांची लेक बुद्धिबळाचं बोलत होते.

“अंतिम फेरीत सुरुवात कोणती केलीस?”

“तुमचीच, बाबा. आधी राजापुढचं प्यादं, मग उंटापुढचं फुकट देऊन टाकलं.”

“वेडी गं. त्या सुरुवातीपायी मी जन्मभर हरलो.”

“त्यानं खाल्लं.”

“खाणारच. पट दिसतोय मला. आता त्याचा वजीर अंगावर येतो आणि सगळं संपतं.”

“येऊ दिला. राजा एक घर सरकवला. पुढे त्याच्या वजिराला परतीची वाटच उरली नाही.”

“म्हणजे जिंकलीस?”

“जिंकले.”

“मग सुरुवात चांगली होती म्हणायची.”

“चांगलीच होती, बाबा.”

“पुन्हा सांग. पहिल्या प्याद्यापासून, सावकाश.”

तेवढ्यात नर्सनं शिंपीणबाईंना हाक मारली. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

“आधी दुसऱ्या कुणाला घ्या,” त्या हळूच म्हणाल्या.