खातूंच्या फ्रिजमधला बर्फ

मंडळी, जरा पुढे सरकून बसा! मागे उभे आहेत त्यांनाही टेकू द्या. आख्यान सुरू करायच्या आधी एक प्रश्न विचारतो. उत्तर मनातल्या मनात द्या — मोठ्याने दिलंत तर शेजारी घरचं माणूस बसलंय, ते ऐकेल!

प्रश्न असा, की घरात काही बिघडलं तर आपण पहिल्यांदा कुणाकडे बघतो? देवाकडे? छे! आरशात? त्याहून नाही! घरात जो सगळ्यात कमी बोलतो ना, त्याच्याकडे बघतो. का? तर तो उलटून बोलत नाही म्हणून!

पटत नाही? मग ऐका. आज राजा नाही, ऋषी नाही, राक्षस तर नाहीच नाही. आज आख्यान आहे एका फ्रिजचं! हसा, हसा. पेटीवाले, तुम्ही मात्र हसू नका, तुमच्या घरचा फ्रिज मी पाहिलाय!

तर राजापुरात भालचंद्र खातू म्हणून गृहस्थ. पिठाची गिरणी त्यांची. आता गिरणीत ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही, त्यामुळे घरीसुद्धा तोच आवाज! "नलू, चहा!" म्हणाले की शेजारचीही आधण ठेवायची. मनाने निर्मळ, देवाधर्मात पुढे, फक्त एक खोड होती — "यंत्राचं मला सांगू नका!" घरात बायको नलिनी आणि म्हातारी आई, गोदूआजी. आजींना साखरेचा आजार. रोज इन्सुलिनचं इंजेक्शन, ते सून द्यायची. आणि त्या औषधाची बाटली असायची फ्रिजमध्ये, बर्फाच्या कप्प्याखालच्या ट्रेत.

फ्रिज जुना, एका दाराचा. आत वरती बर्फाचा कप्पा, त्याच्या पोटाखाली प्लास्टिकचा ट्रे. डोक्यावर नलिनीने विणलेलं कव्हर, चारी बाजूंनी झालर लोंबतेय. असा फ्रिज तुमच्याकडे आहे की नाही? आहे ना! मग गप्प का?

दसरा आला. खंडेनवमीला भालचंद्रपंतांनी गिरणी पुजली, मोटारसायकल पुजली, शिलाई मशीन पुजलं, मिक्सरला गंध लावलं आणि शेवटी उभे राहिले फ्रिजसमोर. झेंडूचं तोरण हातात! पण फ्रिजला खिळा ठोकणार कुठे? पंत हुशार. एक टोक दाराच्या मुठीला बांधलं, दुसऱ्या टोकाला मारली चांगली जाड गाठ, ती दाराच्या वरच्या कोपऱ्यात धरली आणि दार ढकललं — धप्प! "बसलं की नाही?" हात जोडले, घंटा वाजवली. फुलं वाळली तेव्हा नलिनीने कात्री घेऊन दिसत होतं तेवढं तोरण उतरवलं, कव्हर सारखं केलं. झालं! कुणाच्या लक्षात राहणार?

पुढे काय झालं, ऐका. कप्प्यात बर्फ धरायला लागला. पंत खूश! पाहुणा आला की दार उघडून दाखवायचे, "बघा, म्हातारा झाला तरी कसा काम करतोय!" पण मंडळी, खाली दूध नासायला लागलं! वर बर्फाचा डोंगर आणि खाली दूध नासकं. आता आपण काय करू? दोन घटका विचार करू! पंतांनी काय केलं? बटण फिरवलं — शेवटच्या आकड्यावर! "थंडावा कमी पडतोय!" अहो, बर्फाने वाट अडवलीय म्हणून खाली गारवा उतरत नाही, आणि तुम्ही आणखी बर्फ करताय? पण सांगणार कोण? यंत्राचं त्यांना सांगायचं नाही ना!

आणि इकडे आजींची साखर वाढली. तपासणी केली, जास्त. औषध वाढवून दिलं, पुन्हा तपासणी, त्याहून जास्त! आजी थकल्या. उंबऱ्यापर्यंत जाऊन बसायच्या, परत यायला भिंत धरायच्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असंच चाललं तर डोळ्यांवर जाईल, मूत्रपिंडावर जाईल. खाण्यात काही येतंय का, बघा."

बस्स! पंतांना गुन्हेगार सापडला. "आई, तू चोरून खातेस!"

"नाही रे भालू. देवाशप्पथ नाही."

"मग साखर काय हवेतून येते?"

लाडवांच्या डब्याला कुलूप लागलं. गूळ माळ्यावर गेला. आजी एकदा नाही म्हणाल्या, दोनदा म्हणाल्या, आणि मग म्हणायच्या थांबल्या. मंडळी, खरं बोलणारा माणूस सांगायचा थांबतो ना, तेव्हा घरातलं काहीतरी मोडतं. आवाज होत नाही, एवढंच.

पण एवढ्यावरही भागलं नाही. दत्तजयंतीचं कीर्तन माझंच होतं. जन्म झाला, पाळणा झाला, सुंठवडा वाटायला लागले. खांबाला टेकून गोदूआजी बसलेल्या, त्यांची ठरलेली जागा. त्यांनी ओंजळ पुढे केली, चिमूटभर सुंठवडा पडला, आणि एवढ्या गर्दीतून भालचंद्रपंत आले आणि आईच्या तळहातावरचा प्रसाद उचलून घेतला! गिरणीच्या आवाजात म्हणाले, "हिला देऊ नका! घरी चोरून खाते ते पुरे आहे!"

तबलजींचा हात थांबला. आजींनी रिकामी ओंजळ तशीच कपाळाला लावली, उठल्या आणि गेल्या. त्या दिवसापासून खांबाजवळची जागा रिकामी. मला फार लागलं ते, खरं सांगतो. देवासमोर आईला चोर म्हटलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

आता पुढचं. एके दिवशी कप्प्याचं झाकणच लागेना, एवढा बर्फ! पंत आले स्क्रू ड्रायव्हर घेऊन. "फोडून काढतो!" नलिनीने मनगट धरलं. "अहो, काय करताय? माझ्या मावशीने सुरी घातली होती, फुस्स करून गॅस गेला, फ्रिज भंगारात! बंद करा आधी. वितळू द्या."

पंत ऐकतात? त्या दिवशी ऐकलं! प्लग काढला, सामान बाहेर काढलं, दार सताड उघडं, कप्प्यात गरम पाण्याचं पातेलं, खाली जुनी धोतरं अंथरलेली. टप टप टप! मध्येच धडाम करून ढेकूळ पडायचं. ट्रेमध्येही बर्फ साचलेला. तो ओढून काढला, तर त्यात रुतलेली — औषधाची बाटली! पंतांनी उजेडात धरली. आतलं औषध हलेना. गोठलेलं!

नलिनीने बाटली हातात घेतली. "अहो... सकाळी बाटली कडक लागायची. मी पदरात धरून आतलं पातळ करायची, मग सुई भरायची. मला वाटलं, फ्रिजमधलं औषध असंच असतं."

पंतांनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. आवाज पहिल्यांदाच लहान! पलीकडून उत्तर आलं, "एकदा गोठलं की त्यातला गुण गेला. फ्रिजमध्ये ठेवा पण गोठू देऊ नका, हे मी तुम्हालाच सांगितलं होतं ना?" सांगितलं होतं! पंतांनी मानही हलवली होती. मंडळी, मान हलवायला आपण सगळेच तयार, हो की नाही?

म्हणजे आजींनी काही खाल्लंच नव्हतं! सुईतून पाणीच जात होतं.

पण पंत अजून पंतच! "एवढा बर्फ झालाच कसा? दाराचं रबर गेलं असणार. कंपनीचा माल!" बघा, आता रबर गुन्हेगार! नलिनीने कॅलेंडरचं जुनं पान फाडलं. पट्टी दारात धरायची, दार लावायचं, ओढून बघायचं. खाली धरली, निघेना. मुठीकडे धरली, निघेना. रबर घट्ट! वरच्या कोपऱ्यात धरली आणि सुळकन हातात आली! तिथून घरातली दमट हवा आत शिरत होती, तिचाच हा बर्फ. पंतांनी कव्हर वर केलं, रबराची घडी उलगडली, बोट आत घातलं.

काय निघालं? सुतळीची गाठ. गंध लागलेली, झेंडूचा काळा पडलेला देठ अडकलेला.

आजी दारात भिंत धरून उभ्या होत्या. अशी गाठ त्या घरात एकच माणूस मारतो, पिठाच्या पोत्याला मारतात ना, तश्शी! पंत त्या पाण्यातच खाली बसले. "आई... मी बांधलं गं हे. आणि तुला चोर म्हटलं. देवळात म्हटलं."

आजी काय म्हणाल्या असतील? "बाळा, जाऊ दे"? नाही हो! आजी म्हणाल्या, "आधी लादी पूस. मी घसरले तर तेही माझ्याच नावावर घालशील!"

नवी बाटली आली, दाराच्या कप्प्यात बसली. बटण मधल्या आकड्यावर आलं. साखर हळूहळू उतरली, आजी भिंत सोडून चालायला लागल्या. पण देवळात? देवळात येईनात. "तिथे कशाला, मला चोर म्हणायला?" बरोबर आहे ना! चोर चारचौघांत म्हटलं, आणि माफी स्वयंपाकघरात मागितली. अशाने फिटतं का?

रामनवमी आली. मी उभा होतो इथेच, समोर एवढीच गर्दी. जन्म झाला, गुलाल उडाला आणि दारातून पंत आले, आईचा हात धरून. खांबाजवळ बसवलं. सुंठवडा आला तेव्हा वाटणाऱ्याच्या हातातली वाटी घेतली आणि त्याच गिरणीच्या आवाजात म्हणाले, "मंडळी, दत्तजयंतीला मी खोटं बोललो! माझ्या आईने काही चोरलं नव्हतं. चूक माझ्या हातची होती!" आणि चिमूटभर सुंठवडा आईच्या तळहातावर ठेवून तिची मूठ आपल्या हातांनी मिटली.

आजींनी मूठ उघडली. जिभेला लागेल एवढाच कण घेतला आणि उरलेला लेकाच्या तोंडात घातला. "मला एवढा पुरे. साखर आहे मला, विसरलास का?"

तर मंडळी, आता प्रसाद वाटायचाय. त्याआधी माझ्या प्रश्नाकडे या. घरी जाल, फ्रिजच्या दारात कागद धरून बघाल, ते बघाच, बर्फ असेल तर वितळवा, सुरी घालू नका! पण हा फ्रिज राहू द्या बाजूला. आपल्या घरात कमी बोलणारं कोण आहे, आठवा. कधीतरी "नाही रे" म्हणालं आणि मग म्हणायचं थांबलं, असं कोण आहे? त्याच्या हातातून आपण काय काढून घेतलं? जे चारचौघांत घेतलंत, ते चारचौघांतच परत द्या. आणि द्यायच्या आधी आपलंच बोट घालून बघा, कोपऱ्यात गाठ कुणाच्या हातची आहे!

वाटा आता सुंठवडा. आणि हे बघा — पहिली चिमूट तोंडात नाही टाकायची. शेजारी बसलंय ना, त्याच्या हातावर ठेवायची!