पाटाकाठच्या घराची शाही सनद

घराण्याचा तोरा म्हणजे काय, ते आमच्या नानासाहेबांकडून शिकावं. निजामी राज्य जाऊन दहा वर्षं झाली होती, तरी "हे घर निजामानं आमच्या आजोबाला बक्षीस दिलंय" हे त्यांचं पालुपद सुटलं नव्हतं. घर तेर गावाजवळ, जुन्या पाटाला चिकटून होतं. पाट रुंद करायचा ठरला आणि घर पाडायची नोटीस आली. पाटाचा इंजिनियर जागा बघायला आला, त्या दिवशी नानासाहेबांनी मला बोलावलं. मी शाळामास्तर, निजामाच्या काळात उर्दूत शिकलेला, आणि त्यांच्याकडचा कागद उर्दूत होता.

"गुरुजी, पेटीत शाही सनद हाय. ह्या इंजिनियरसाहेबांसमोर मोठ्यानं वाचा. घराचा इतिहास कळू द्या त्यांना."

"आधी मनात वाचून बघतो," मी म्हणालो.

"का? आमच्यावर इश्वास न्हाय व्हय?"

मग काय, वाचलं मोठ्यानं. घर म्हणजे सरकारी कोंडवाडा होता. नानासाहेबांचे आजोबा तिथले राखणदार. नोकरी असेपर्यंतच त्यांनी तिथं राहावं, असा हुकूम होता.

इंजिनियर म्हणाला, "म्हणजे जागा सरकारचीच. माझं काम सोपं झालं."

नानासाहेब लालबुंद झाले. "निजाम गेला, आता त्याचे कागद कशाला खरे?"

"कागद तुमच्याच पेटीतला आहे, नानासाहेब," इंजिनियर म्हणाला.

"नीट बघा! आजोबाबद्दल आणखी काहीतरी लिहिलं असंल की खाली!"

"लिहिलंय ना," मी म्हणालो. "सरकारी कडबा स्वतःच्या म्हशीला घालू नये, अशी त्यांना सक्त ताकीद दिली आहे."