नव्या गोठ्यातला जिराफ

शहापूरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर म्हातारं जोडपं होतं. बाई डोळ्यांत थेंब घालून डोळे मिटून बसलेली.

“भिंतीवर काय हाय वो?”

“जिराफाचं जुनं चित्र. दोनशे वर्सांपूर्वी बोटीतून राजाला भेट आला, तवा रंगवलेला. खाली लिवलंय.”

“खातोय काय?”

“नाय. गवताचा भारा पुढ्यात तसाच हाय.”

“नव्या गोठ्यात जनावर लगेच तोंड लावत नाय. आपली कपिली तीन दिवस उपाशी होती.”

“तू दोन दिवस.”

“मी कवा?”

“लगीन होऊन आलीस तवा. ताट मीच परत न्यायचो. आईला सांगायचो, जेवली म्हणून.”

“आन ताटातलं तुमी खायचात?”

“मलाबी जात नव्हतं गो. गायीला घालायचो.”