रुळावरचं तोरण

टेशन शेजारच्या गावात कसं गेलं, ते विचारू नका. विचारलंच हाय, तर आधी चहा सांगा.

निजामाच्या राज्यातली गोष्ट. माझे वडील, आबा, गावचे पाटील. पोळ्याला तोरणाखालनं पहिला बैल त्यांचाच जायचा. रेल्वेचा साहेब रुळासाठी जागा बघाय आला, तर आबा म्हणाले, "गावात माझ्या बैलाच्या पुढं कुणी जात न्हाय. तुमचं इंजिन पुढं गेल्यावर माझी इज्जत काय राहिली?" तहसीलदाराकडं जाऊनही त्यांनी नकोच म्हणून सांगितलं. साहेबानं नकाशावरची रेघ शेजारच्या गावाला नेली.

गाडी सुरू झाली. पोळ्याला तिथल्या पाटलानं टेशनाजवळ रुळावरच तोरण बांधलं अन् ड्रायव्हरला म्हणाला, "मामा, जरा दमानं. आधी माझा बैल." ड्रायव्हर हसला, थांबला. झूल घातलेला बैल डुलत पुढं, शिट्टी मारत इंजिन मागं. आबा लांब बांधावरनं बघत होते.

घरी आल्यावर आई म्हणाली, "अवो, आपण बी नुसतं विचारायचं होतं की."

आबा उसळले, "त्याच्या बैलाचं कौतुक मला सांगू नगंस! मागनं इंजिन ढकलत होतं, म्हणून पुढं गेला!"