घर दोघांच्या नावावर

हॅलो? … हो ताई, मीच. … झालं गं. आज घर दोघांच्या नावावर झालं. … नाही, लग्न नाही. घर. … अगं ऐक ना, पहिल्यापासून सांगते.

तो शिडीवरून पडून दवाखान्यात होता ना, तेव्हा त्याचा भाऊ इथं आला होता. … हो, दातांचा डॉक्टर, तोच. माझं शिलाई मशीन बाजूला सरकवून त्यानं मागची खोली टेपनं मोजली. म्हणाला, उद्या काही झालं तर माहीत असलेलं बरं. … भांडू कशाच्या जोरावर? चौदा वर्षं राहतेय, भिंतींना रंगसुद्धा मी दिलाय, पण कागदावर मी कुठंच नाही. वकीलबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लग्न झालेलं नाही, तेव्हा त्याच्यामागं जे लिहून ठेवलेलं असेल तेच खरं. … तुला कशाला सांगू? तू जेवण सोडलं असतंस.

… त्यालाही नाही. अंथरुणावरच्या माणसाला कसं विचारायचं, तू गेलास तर माझं काय? जीभच रेटेना. पण शेजारच्या काकूंनी टेपचं सांगून टाकलं. … हो, हो, त्याच. त्यांच्या पोटात काही राहतंय का? यावेळी बरंच झालं म्हणायचं.

तर आज हा भरदुपारी दुकान बंद करून आला. गिऱ्हाइकांची घड्याळं टेबलावर तशीच उघडी. म्हणाला, चपला घाल. सरळ नोंदणी कार्यालयात. कागद आधीच करून घेतलेले, मला पत्ता नाही. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, या तुमच्या कोण? … सांगते ना, थांब. हा म्हणाला, "यांच्या घरी मी राहतो." … कारकून चष्मा काढून बघतच राहिला. … माझी सही? आली आपली, वाकडीतिकडी.

… लग्नाचं? विचारलं ना त्यानं, जिना उतरताना. मी म्हटलं, आज बरं सुचलं? तर म्हणाला, "पडल्यापासून मनात होतं. पण घरासाठी हो म्हटलं, असं तुलाच वाटत राहिलं असतं. आता नाही म्हणालीस तरी घर तुझंच आहे." …

ताई? … आहेस ना? … अगं, रडतेस काय…

… मी काय म्हणाले? म्हटलं, विचार करून सांगते. … हसू नकोस. … हो, बसलाय तिकडे वाट बघत. … बसू दे की थोडा. चौदा वर्षांत पहिल्यांदाच मला कसली घाई नाही. … हो, हो. ठेवते.