जित्या बायांचे फोटो

मी शकुंतला, दिग्रसची. इथंच जलमली, इथंच शिकली, लग्न होऊन पुसदले गेली अन नवरा वारल्यावर परत इथंच आली, तं मले दुसरं गाव ठाऊकच नाई म्हना. आमच्या बाबाचा फोटो स्टुडिओ होता जिनिंगच्या रस्त्यावर, अजून हाये, आता तिथं माहा लहान भाऊ गजानन बसते, झेराक्स काढते, पासपोर्टचे फोटो काढते, अन मी मागच्या अंधाऱ्या खोलीत. तुमी म्हनसान अंधाऱ्या खोलीत काहून, तं सांगते. बाबा म्हनत, पोरीनं समोर बसून गिऱ्हाइकाची मान वाकडी-सरळ करनं बरं दिसत नाई, लोकं काय म्हनतीन. पन हाताखाली मानूस तं पाह्यजेच होता, म्हनून मले मागं बसवलं. लाल दिवा, औषधाचे ट्रे, अन मी. लोकाईले वाटे पोरीले कोंडलं. मी म्हनते बरं झालं कोंडलं, सारी विद्या तं तिथंच होती!

काय सांगू तुमाले, त्या खोलीत लग्नाचे फोटो धुतले, शाळेचे धुतले, पन जास्त करून मेलेली मानसंच धुतली. आपल्याकडे भिंतीवर फोटो मेल्यावरच लागते ना, हार घालून. गडी मेला तं त्याचा काही ना काही फोटो सापडे, बाईचा सापडतच नसे. मंग घरचे लग्नातला घोळक्याचा फोटो आनत, अन म्हनत, ते पाहा मागच्या रांगेत पदर घेतलेली, अर्धं तोंड दिसते, तेच कापून मोठं करून द्या. आता वटान्याएवढं तोंड, त्याले फुगवून फुगवून किती फुगवाल? बाजूच्या बाईचा कान येई त्यात, कोनाचा खांदा येई, मी ब्रशनं मिटवत बसो. आमच्या मायचा बी तसाच हाये. फोटोवाल्याची बायको, अन तिचा एकटीचा एक फोटो नाई, कोनाच्या बारशातून कापला. मले त्याचा राग हाये, बाबा गेले तरी हाये.

म्हनून म्हातारपनी ठरवलं का बायांचे फोटो आता जित्तेपनीच काढाचे, अन ते बी मोबाईलवर नाई. मोबाईल पडला का फोटो गेला, अन फ्लेक्स तं दोन उन्हाळ्यात पांढरं पडते. फिल्लम घालून, जाड कागदावर, काळे-पांढरे, अन शेवटी सेलेनियम देऊन. सेलेनियम म्हनजे एक औषध हाये, मुंबईहून मागवते मी. या फोटोत चांदी राह्यते, अन आपल्या घरी चुलीचा धूर, उदबत्ती, कापूर, त्यानं चांदी खराब होते, फोटो पिवळा पडते. सेलेनियम त्या चांदीले धरून ठेवते, काळं आनखी काळं होते, जराशी वांग्यासारखी झाक येते. वास मातर असा का नाक जळते, खिडकी उघडी पाह्यजे, हातात मोजे पाह्यजे. अन औषध लय खवचट! त्याच्या आंधी फोटो हायपोत, म्हनजे फोटो पक्का कराच्या औषधात, टाकावा लागते, तो हायपो कागदातून सारा धुतला गेला पाह्यजे. जराकसा राह्यला का तिथंच डाग पडते, अन तो डाग मंग बाप आला तरी निघत नाई.

गजानन म्हने, बाई, पुरे झालं आता, ही खोली पाडतो, मोठी मशीन आनाची हाये. मी म्हनलं, हात लावून दाखव.

पयली आली अनसूयाबाई. जिनिंगमधे जलमभर कापूस निवडला तिनं, छातीत अजून घरघर वाजते. म्हने, शकू, माहा काढ, पन हार नको घालू. बसली स्टुलावर, हसली नाई का लाजली नाई, मुकादमाकडे पाहाची तशी कॅमेऱ्याकडे पाह्यलं तिनं. फोटो असा उतरला का मीच पाहात राह्यली. मंग सेलेनियममधे टाकला, अन डोळ्यासमोर बाईच्या गालावर पिवळा-तपकिरी डाग उमटला अन पसरत गेला. गजानन मागंच उभा. म्हने, पाह्य, जित्या मानसाचा लावाले निघाली, झाला ना अपशकुन? मी म्हनलं, अपशकुन-बिपशकुन काही नाई, दुसरा काढते, त्यावर डाग पडला तं पाड तू खोली, अन नाई पडला तं गप बसाचं. तो म्हने, चाल, मंजूर.

आता मी डोकं लावू राह्यली का चुकलं कुठं. हायपो ताजा, कागद नवा. तेवढ्यात पाह्यलं तं रेखा, गजाननची बायको, बादलीतलं पानी माह्या फोटो धुवाच्या ट्रेमधे ओतून राह्यली. मी म्हनलं, हे कुठचं पानी वं? ती म्हने, बाई, मागचे फोटो खंगाळले ना तुमी, तेच ठेवलं निवळून, काचेसारखं हाये, नळ कवा येईन नेम नाई, कपड्याचं नाई का आपन घेत दुसऱ्या कपड्याले? मी अशी वरडली तिच्यावर का शेजारचे बाहीर आले. पन मंग वाटलं, तिचं तरी काय चुकलं, जलम गेला पानी वाचवन्यात. विहिरीत टाकाची लाल दवा होती घरी, पानी जांभळं करते ना, ती दोन गिलासात घातली. एकात ताजं पानी टाकलं, रंग जांभळाच राह्यला. दुसऱ्यात तिच्या बादलीतलं टाकलं, तं रंग पाहता पाहता गायब! हायपो असला का तो रंग खाऊन टाकते. रेखा म्हने, अगं माय, दिसते तं किती सोज्वळ!

गजाननानं तिले बजावलं होतं, बाईच्या नादी लागू नको. तरी ती हातपंपावरून पान्याचे पितळी गुंड भरभरून आनू लागली, दर खेपेले पानी बदलवे अन गिलास समोर धरून मलेच दाखवे, जांभळं राह्यलं का नाई म्हनून. मंग मी अनसूयाबाईचा दुसरा फोटो सेलेनियममधे सोडला. रेखानं माहा हात घट्ट धरला होता. डाग नाई पडला.

गजाननानं उजेडात नेला, तिरपा करून पाह्यला, उलटा करून पाह्यला. मंग म्हने, तरी पन जित्या बाईचा भिंतीवर लागत नसते, गवंडी सोमवारी येऊन राह्यला. घ्या, हा त्याचा शब्द! तिकडे अनसूयाबाईचा पोरगा खिळा ठोकू देईना, तं तिनं स्वताच वरवंट्यानं ठोकला अन लावला.

सोमवारी गवंडी आला हातोडा घेऊन, तं दारात बाया बसलेल्या, इस्तरीचं लुगडं, केस विंचरलेले. अनसूयाबाईचा फोटो पाहून आल्या होत्या साऱ्या. गजानन म्हने, काय वं, साऱ्याजनी मराले निघाल्या काय? तवा आतून रेखा आली, कनिक मळता मळता उठलेली, हात पदराले पुसले, सरळ जाऊन स्टुलावर बसली अन कपाळावरचा पदर मागं सारला. पंधरा-वीस वरसात नवऱ्यासमोर तिचा आवाज आयकला नव्हता मी. मले म्हने, बाई, पयले माहा काढा. अन गवंड्याले म्हने, दादा, तुमी चहा घ्या अन घरी जा, खोली पाडाची नाई.

तो चहा पिऊन गेला. खोली हाये, आता तिथंच बसून बोलून राह्यलो ना आपन. गजानन माह्याशी बोलत नाई, नको बोलू, जेवाले तं येते. तुमी सुखी राहा बाप्पा, अन पुढच्या टायमाले येसान तं मायले संग घेऊन या.